नाच दहापैकी दहा, गोष्ट काठावर पास: डान्स पिक्चरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत माझा नाचाचा वर्ग आहे. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सतरंज्या अंथरतो, खिडक्यांना चादरी लावतो आणि प्रोजेक्टरवर एखादा नाचाचा पिक्चर बघतो. वर्गातली पोरं असतात, त्यांचे पालक असतात, आणि गॅदरिंग जवळ आलं की आसपासच्या शाळांचे शिक्षकही डोकावतात. पिक्चर संपला की चहा होतो आणि तेच ते प्रश्न निघतात. दर वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर रविवारी या, भांडू.

पिक्चरला स्टोरीच नाही, मग बघायचा कशाला?

हा प्रश्न हमखास मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या एखाद्या बाबांचा असतो. स्टोरी असते हो. फक्त ती संवादात शोधली तर सापडत नाही.

'टॉप हॅट' हा १९३५ चा पिक्चर घ्या. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स, हॉलिवूडची नाचाची जोडी. नायिकेचा समज होतो की हा माणूस आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे, आणि त्या एका गैरसमजावर अख्खा पिक्चर ओढलेला आहे. कुणीतरी एक वाक्य नीट बोललं असतं तर अर्ध्या तासात सगळे घरी गेले असते. पण त्यातला पावसातल्या मंडपाचा नाच बघा. ती घोडेस्वारीच्या कपड्यांत आहे, तुमान घातलेली, आणि त्याच्यावर वैतागलेली. तो चालायला लागतो, तशी ती त्याच्या मागून त्याचीच नक्कल करत चालते. त्याने एक तुकडा टाकला की ती तोच तुकडा त्याला परत करते, जवळजवळ टोमण्यासारखा. बराच वेळ दोघं एकमेकांना हातही लावत नाहीत. मग वीज कडाडते, लय वाढते आणि दोघं एकत्र गिरक्या घ्यायला लागतात. शेवटी मंडपाच्या कडेला बसून हात मिळवतात. वैताग, चिडवाचिडवी, बरोबरी, मैत्री, सगळं आलं. यात न कळण्यासारखं काय राहिलं?

आपल्याला ही रीत नवीन नाही. तमाशात गण, गौळण, बतावणी, लावण्या होतात आणि मग वग लागतो. नाचाला नाचाची वेळ, गोष्टीला गोष्टीची. लावणी चालू असताना 'पुढं काय झालं?' असं कुणी ओरडत नाही. सिनेमाने दोन्ही एकाच ताटात वाढलं, तिथून ही तक्रार सुरू झाली.

गाणी तर सगळ्याच हिंदी पिक्चरमध्ये असतात. मग डान्स पिक्चर म्हणायचं कशाला?

माझी कसोटी सोपी आहे. नाच काढून टाका. उरलेला पिक्चर उभा राहिला तर तो गाण्यांचा पिक्चर. कोसळला तर डान्स पिक्चर. 'तेजाब'मधून 'एक दो तीन' काढलं तर पिक्चर चालेल, फक्त तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागाल. 'झनक झनक पायल बाजे'मधून नाच काढला तर उरतात एक कडक गुरुजी आणि त्यांचे कान टोचणारे उपदेश.

मग यांची गोष्ट कच्ची का राहते? चांगला लेखक घ्यायला काय होतं?

लेखक घेतात, पण त्याला जागा देत नाहीत. अडीच तासांत पाऊण तास नाच असेल तर तेवढा वेळ कथा जागेवर थांबते. दुसरं, आपल्याकडे गाणी आधी रेकॉर्ड होतात. कधी कधी गाणं तयार असतं, नाच ठरलेला असतो, आणि ही जोडी त्या ठिकाणी का पोचली याचं कारण लेखक नंतर शोधत बसतो.

तिसरं कारण माणसांचं. ज्याला खरोखर नाचता येतं त्याला दोन पानांचा संवाद पेलेलच असं नाही. 'एबीसीडी' हा रेमो डिसूझाचा २०१३ चा पिक्चर बघा. त्यात सलमान युसुफ खान, धर्मेश, पुनीत पाठक ही 'डान्स इंडिया डान्स'मधून आलेली पोरं आहेत. ती नाचायला लागली की पडदा भरून जातो. बोलायला लागली की आमच्या वर्गातली पोरं पाणी प्यायला उठतात. दिग्दर्शकालाही हे कळत असणार, म्हणून तो त्यांना फार बोलू देत नाही.

आणि चौथं म्हणजे तो ठरलेला साचा: फुटकी टीम, रागीट गुरू, कुणीतरी सोडून जातो, शेवटी मोठी स्पर्धा. मला या साच्याचा पूर्वी राग यायचा. आता येत नाही. स्पर्धा म्हटलं की नाचायला वेगळं निमित्त लागत नाही, समजावून सांगावं लागत नाही, आणि शेवटची पंधरा मिनिटं निर्धास्तपणे डान्समास्टरच्या ताब्यात देता येतात.

नाच चांगला आहे की नुसता भपका, हे ओळखायचं कसं?

पाय दिसतात का ते बघा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

अस्टेअरचा आरकेओ स्टुडिओत हट्ट असायचा की नाचताना कॅमेऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस दिसला पाहिजे आणि मध्ये कमीत कमी कट पाहिजेत. का? कारण कट मारला की चूक झाकता येते. एक गिरकी आज, दुसरी उद्या, दोन्ही जोडून एक. 'सॅटर्डे नाईट फीव्हर'च्या वेळी (१९७७) जॉन ट्रॅव्होल्टाने याच गोष्टीवरून भांडण काढलं होतं. त्याचा एकट्याचा नाच आधी क्लोजअप घालून कापला होता. महिनोन्महिने घाम गाळलेल्या माणसाला आपले पायच पडद्यावर नाहीत म्हटल्यावर काय वाटेल? शेवटी तो नाच पूर्ण उंचीत दिसेल असा पुन्हा जोडला गेला, आणि आज लोकांना तो पिक्चर त्या नाचासाठीच आठवतो.

वर्गात मी पोरांना एक खेळ देते. गाणं लावायचं आणि प्रत्येक कटला टाळी वाजवायची. अलीकडच्या काही गाण्यांना टाळ्यांचा नुसता पाऊस पडतो, ठेक्यापेक्षा टाळ्या जास्त. मग मी 'स्टॉर्मी वेदर'मधला (१९४३) निकोलस बंधूंचा नाच लावते. फयार्ड आणि हॅरॉल्ड. दोघं वादकांच्या टेबलांवरून टॅप करत, म्हणजे बुटांच्या तळव्यांनी ठेका वाजवत, उड्या मारत येतात, पियानोवर चढतात, आणि मग तो मोठा जिना. एक भाऊ एका पायरीवर उतरतो, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर थेट पाय फाकवून स्प्लिटमध्ये पडतो आणि हात न टेकता उठतो. मग वरचा खालच्याच्या डोक्यावरून. असं जिना संपेपर्यंत. टाळ्या वाजवायला बसलेल्या पोरांचे हात तसेच राहतात. त्या पिक्चरची गोष्ट मला कुणी विचारली तर एका ओळीत सांगेन: एक म्हातारा नर्तक जुन्या आठवणी सांगतो. तेवढीच आहे.

पण या नियमालाही अपवाद आहेत, आणि ते मजेशीर आहेत. हॉलिवूडचा डान्समास्टर बस्बी बर्कली याचे नाच घ्या, म्हणजे '४२न्ड स्ट्रीट'च्या (१९३३) काळातले. त्याच्या मुलींना फार नाचता यायला लागतच नाही. कॅमेरा थेट आढ्याला, आणि खाली डझनावारी मुली पाकळ्यांसारख्या उघडतात, मिटतात. हा माणूस पहिल्या महायुद्धात सैन्यात कवायती बसवायचा, ते लगेच कळतं. आपल्याकडचं धनगरी गजीनृत्य ज्यांनी आटपाडी-जतकडे किंवा आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत बघितलंय त्यांना मी नेहमी सांगते, मोबाईल समोर धरून शूट करू नका, कुणाच्या तरी माडीवर चढा. ढोल मध्ये, भोवती रिंगण, हातातले रुमाल एकदम उडतात. समोरून बघितलं तर पहिली रांग दिसते, वरून बघितलं तर नाच दिसतो.

दुसरा अपवाद बैठकीची लावणी. त्यावर पुढे लिहिलंय.

'फ्लॅशडान्स'मध्ये ती मुलगी स्वतः नाचते का?

बहुतेक ठिकाणी नाही. जेनिफर बील्सच्या जागी मरीन जहान ही फ्रेंच नर्तकी नाचली आहे. शेवटच्या ऑडिशनमध्ये तर आणखी माणसं आहेत. हवेतली उडी एका जिम्नॅस्टची, आणि जमिनीवर पाठीवर गरगर फिरणारी व्यक्ती म्हणजे विग घातलेला क्रेझी लेग्ज नावाचा ब्रेकडान्सर, पुरुष! १९८३ मध्ये मरीन जहानचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं. हे सांगितलं की वर्गातल्या मुलींचा हिरमोड होतो आणि मुलांना हसू फुटतं.

आता परत बघा तो नाच. चेहरा दिसतो तेव्हा पाय नाहीत, पाय दिसतात तेव्हा केस तोंडावर. प्रकाशही असा की चेहरा अंधारात जावा. पाय दिसतात का, हे बघायला मी उगाच सांगत नाही. तरी मला हा पिक्चर आवडतो. दिवसा वेल्डिंग करणारी पोरगी रात्री नाचते, एवढी एक कल्पना त्याला पुरते.

तो भिंतीवर आणि छतावर नाचतो, ते कॉम्प्युटरवर केलंय ना?

१९५१ साली कुठला कॉम्प्युटर! पिक्चर 'रॉयल वेडिंग', नर्तक पुन्हा अस्टेअर. एक अख्खी खोली मोठ्या फिरत्या पिंजऱ्यात बांधली होती. खुर्च्या, टेबल, दिवा, फोटो, सगळं घट्ट ठोकून बसवलेलं. कॅमेरा आणि कॅमेरामन खोलीलाच जखडलेले, त्यामुळे खोली फिरली की तेही तिच्याबरोबर फिरणार आणि पडद्यावर खोली स्थिरच दिसणार. अस्टेअर मात्र कायम तळाशी. भिंत खाली आली की भिंतीवर, छत खाली आलं की छतावर. एक पाय जमिनीवर आणि दुसरा भिंतीवर असतो तो क्षण थांबवून बघा. त्याला किती बेमालूमपणे तोल बदलावा लागलाय ते तिथे कळतं. खोली फिरते आहे हे त्याच्या अंगावर कुठेही दिसत नाही.

गोष्ट? बहीण-भावाची नाचाची जोडी राजघराण्यातल्या लग्नाच्या वेळी लंडनला जाते. दोघांचीही लग्नं होतात. झालं.

व्ही. शांताराम यांचे पिक्चर यात बसतात का?

काही बसतात, आणि सगळ्यात वरच्या रांगेत बसतात. शांतारामबापू मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, त्यामुळे इथे यांच्याबद्दल बोलताना लोक जरा सांभाळून बोलतात. मी तेवढी सांभाळून बोलत नाही.

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) टेक्निकलरमध्ये काढलेला. बनारस घराण्याचे कथक नर्तक गोपीकृष्ण नायक, संध्याबाई नायिका, संगीत वसंत देसाई यांचं. संध्याबाईंचं नाचाचं शिक्षण नव्हतं, त्या या पिक्चरसाठी गोपीकृष्णांकडे शिकल्या. गुरू मंगल महाराज, म्हणजे केशवराव दाते, मुलाला सांगतात की कला हवी असेल तर प्रेमात पडायचं नाही. मुलगा प्रेमात पडतो. मुलगी त्याच्या कलेसाठी दूर होते. आज ही गोष्ट बघताना वर्गातल्या मुली सरळ विचारतात, 'ताई, दोन्ही का नाही जमणार?' याला माझ्याकडे उत्तर नाही आणि पिक्चरकडेही नाही. पण गोपीकृष्णांच्या चक्करा लागल्या की हा वाद मिटतो. पाय, कंबर, मान आणि बुबुळं, सगळं एकाच मात्रेवर थांबतं. त्या वेळी पिक्चर धो धो चालला आणि त्याला फिल्मफेअरही मिळालं. लोक त्यागाच्या संदेशासाठी रांगेत उभे होते असं मला वाटत नाही.

'नवरंग' (१९५९) म्हणजे गोष्ट आणखी पातळ. कवी बायकोकडे दुर्लक्ष करतो आणि तिचंच रूप कल्पनेत बघत बसतो. पण होळीचं ते गाणं! संध्याबाई एकाच अंगावर दोन माणसं वागवतात. समोरून स्त्री, पाठीमागे पुरुषाचा मुखवटा आणि पोशाख. पाठ फिरली की तो, वळल्या की ती. नीट बघा, मुखवटा पाठीमागे असल्यामुळे 'त्याच्या' हालचाली त्यांना उलट्या अंगाने करायच्या आहेत. हात मागे वळवून समोर असल्यासारखे दाखवायचे. वर्गातल्या पोरांना मी हे करून बघायला लावते. चार मात्रांत खांदे भरून येतात. शिवाय शेजारी हत्ती झुलतोय, तो वेगळाच.

'पिंजरा' (१९७२) मात्र मी या यादीत घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तो १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन पिक्चरवर बेतलेला आहे, आणि मास्तराचा एक एक पायरी खाली उतरत जाणारा ऱ्हास हाच त्याचा गाभा. त्यात नाच गोष्टीला ढकलतो. डॉ. श्रीराम लागूंचा चेहरा आठवतो आणि राम कदमांच्या चालीही. इथे दोन्हीकडे पैकीच्या पैकी.

तमाशापटांचं काय? आपल्या भागाचं तर ते हक्काचं आहे.

हक्काचं म्हणजे काय, मालकीचंच म्हणा. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळू कवलापूरचे. 'बुगडी माझी सांडली गं' लिहिणारे गदिमा शेटफळ्याचे, आणि त्या गाण्यातली बाई निघाली आहे साताऱ्याला. त्यामुळे साताऱ्याकडची मंडळी आली की ते गाणं आमचं की तुमचं यावर चहा गार होतो.

ते गाणं 'सांगत्ये ऐका'मधलं (१९५९), दिग्दर्शक अनंत माने, आवाज आशाबाईंचा, नाच जयश्री गडकरांचा. पिक्चर पुण्यात १३१ आठवडे चालला. गंमत अशी की तिथे गोष्ट अजिबात कच्ची नाही, गुपित फुटतं तेही फडावरूनच. पण आज ज्याला विचाराल त्याला बुगडी आठवते, पाटलाचं पाप कुणाला आठवत नाही. म्हणजे नाच गोष्टीवर मात करतो तो काही वेळा पिक्चरमध्ये नव्हे, नंतरच्या साठ वर्षांत.

'नटरंग'चंही (२०१०) तसंच होईल का, ही मला भीती आहे. अंगाने पैलवान असलेल्या गुणाला तमाशात राजा व्हायचंय आणि वाट्याला नाच्या, म्हणजे बायकी हावभावांचं सोंग, येतो. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. एवढी तगडी गोष्ट असून लहान पोरांना त्यातलं फक्त 'अप्सरा आली' माहीत आहे. फुलवा खामकर यांनी ते बसवलंय, आणि बसवलंय खासच. सोनाली कुलकर्णी थांबते कुठे ते बघा. नुसतं नाचणं सोपं, समेवर दगडासारखं थांबणं अवघड.

अजून एक नाव, जे कुणी घेत नाही. 'एक होता विदूषक' (१९९२), जब्बार पटेलांचा. त्याच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फडावर आयुष्य गेलेल्या बाईंना दिल्लीने कोरिओग्राफर म्हटलं. लोकांना त्या पिक्चरमधला लक्ष्मीकांत बेर्डे आठवतो, जो अर्थातच थोर आहे. पण लावण्या परत बघा. पडद्यावरच्या लावणीत जो नुसता हिसडा आणि झटका असतो तो तिथे नाही.

सिनेमातली लावणी आणि खरी लावणी, फरक काय?

सिनेमात फडाच्या लावणीला पंधरा नर्तकी मागे जोडतात. संगीत बारीत, म्हणजे नुसत्या लावणीच्या फडात, तेवढ्या नसतात. ढोलकीवाला आणि नाचणारी यांची जी जुगलबंदी असते, ती वाढवायची, तोडायची, परत धरायची, ते रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर होऊच शकत नाही. गाणं चार मिनिटांचं ठरलेलं. चाळाचं वजनही दिसत नाही. पायात किलोंनी घुंगरू बांधलेली बाई पाय उचलते ते वेगळं आणि हलके घुंगरू बांधून उचलते ते वेगळं, गुडघ्यावरून लगेच कळतं.

बैठकीच्या लावणीला तर सिनेमाने जवळजवळ हातच लावलेला नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर (त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली) बसून गायच्या आणि एकेका ओळीचा अर्थ चेहऱ्याने, नजरेने, हाताच्या बोटांनी फोडून दाखवायच्या. इथे माझा पायांचा नियम बाद. इथे क्लोजअपच पाहिजे, आणि लांबलचक पाहिजे. एक ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी भाव निराळा. फारशा दिग्दर्शकांना हे सुचलेलं दिसत नाही याचं मला नवल वाटतं.

वाईला एवढी शूटिंगं होतात. त्यातला एखादा डान्स पिक्चर आहे का?

'स्वदेस', 'दबंग', 'चेन्नई एक्सप्रेस' यांची शूटिंगं वाई-मेणवलीकडे झाली. गाणी आहेत, डान्स पिक्चर एकही नाही. घाट मात्र नाचासाठी फर्मास आहे.

स्लो मोशनमध्ये नाचतात तेव्हा ओठ गाण्याशी कसे जुळतात?

सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, कलाकार दुप्पट वेगाने ओठ हलवत नाचतो, आणि कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम घेतो. पडद्यावर २४ ने दाखवलं की ओठ बरोबर गाण्यावर आणि पदर तरंगत. सेटवर मात्र ते गाणं चिमणीने म्हटल्यासारखं ऐकू येतं. गाणं वाजवणाऱ्या यंत्राला आपल्या सेटवर अजून 'नागरा' म्हणतात. मूळ नागरा हे टेपरेकॉर्डरचं नाव, यंत्र गेलं तरी हाक राहिली.

'स्टेप अप' आणि 'एबीसीडी' सारखेच वाटतात. एकाने दुसऱ्याचं ढापलंय का?

साचा सारखा आहे, तो वर सांगितलाच. 'स्टेप अप' मालिका २००६ ला सुरू झाली. त्यातला तिसरा, 'स्टेप अप ३डी' (२०१०), मी दाखवते तो एकाच नाचासाठी. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक मुलगा आणि एक मुलगी अस्टेअरच्या जुन्या गाण्याच्या नव्या अवतारावर नाचत जातात, कचऱ्याचे डबे, पायऱ्या, येणारे-जाणारे सगळ्यांना सामील करत, आणि कॅमेरा कट न मारता त्यांच्याबरोबर चालत राहतो. ना स्पर्धा, ना दिवे लुकलुकणारे कपडे, ना पाण्याचे फवारे. अख्ख्या पिक्चरमध्ये श्वास घेतल्यासारखं तिथेच वाटतं.

'एबीसीडी'चं वेगळेपण म्हणजे प्रभुदेवा, आणि शेवटचा गणपतीचा नाच. समोर परीक्षक असले तरी तो नाच स्पर्धेतला वाटतच नाही, मिरवणुकीतला वाटतो. आपल्याकडे दर गणेशोत्सवात कुठल्या ना कुठल्या मंडळापुढे तो होतोच. 'एबीसीडी २' (२०१५) वसई-नालासोपाऱ्याच्या खऱ्या पोरांच्या ग्रुपवरून सुचलेला आहे. त्यातल्या सुरेश मुकुंदने पुढे २०१९ मध्ये आपल्या ग्रुपसह अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकली. खरी गोष्ट पिक्चरपेक्षा पुढे गेली की काय होतं याचा हा नमुना.

गॅदरिंगला किंवा मंडळाला यातलं काय बसवता येईल?

शिक्षकांनो, आधी स्टेज बघा. निम्म्या शाळांत बाकं जोडून वर सतरंजी टाकलेली असते. त्यावर टॅप नको, उड्या नकोत, उचलाउचली तर अजिबात नको. 'एबीसीडी'तले मनोरे ज्या पोरांनी केलेत त्यांच्याखाली सरावाला गाद्या असणार, आपल्याकडे खाली फरशी असते.

बसवता येण्यासारखं पुष्कळ आहे. बर्कलीची रिंगणं लहान मुलांना मस्त जमतात, कारण अवघड पाऊल लागत नाही, फक्त वेळेवर उघडायचं आणि मिटायचं. अडचण एकच, पालक समोर बसलेले असतात, वर नाही. म्हणून रिंगण समोरच्या बाजूला थोडं उघडं ठेवा आणि मागच्या मुलांना बाकावर उभं करा. 'टॉप हॅट'मधली नक्कल आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या: एक जण चालतो, दुसरा मागून त्याची नक्कल करतो, हळूहळू नाच होतो. प्रेक्षक हसतात आणि कुणाला कुणाचा हात धरायला लागत नाही, त्यामुळे मुख्याध्यापकही खूश.

लावणीबद्दल आया दबक्या आवाजात विचारतात, 'लहान मुलीला चालेल का?' गौळण घ्या. सुरेख आहे, विनोदी आहे, मावशी आहे, पेंद्या आहे, आणि सगळ्या वर्गाला काम मिळतं. शृंगाराची लावणी दहा वर्षांच्या पोरीने करू नये असं माझं ठाम मत आहे. तिला त्यातलं काही कळत नाही आणि ज्यांना कळतं ते समोर बसलेले असतात.

गाणं तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. मोबाईलवरून गाणं वाजवणार असाल तर त्यावर फोन येणार नाही याची तजवीज करा.

मुलांना कोणते दाखवू नयेत?

'सॅटर्डे नाईट फीव्हर' अख्खा नको, त्यात बलात्कार आहे, शिवीगाळ आहे. फक्त नाच दाखवा. 'ब्लॅक स्वान' मोठ्यांसाठी. 'डर्टी डान्सिंग'मध्ये (१९८७) गर्भपाताचा विषय आहे, कॉलेजच्या पोरांना दाखवायला मला हरकत वाटत नाही, बोलताही येतं त्यावर. बाकी सर्टिफिकेट बघत जा. आता यूए मध्येही ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या आल्या आहेत.

नाचही भारी आणि गोष्टही भारी, असा एकही नाही का?

आहेत की. 'पिंजरा' सांगितलाच. के. विश्वनाथ यांचा 'सागर संगमम्' (१९८३) बघा. कमल हासन एका अपयशी, दारूत बुडालेल्या नर्तकाच्या भूमिकेत आहे. विहिरीच्या काठावर तो दारूच्या नशेत नाचतो तेव्हा जीव मुठीत येतो. 'द रेड शूज' (१९४८) मध्ये मोइरा शिअरर ही खरी बॅलेरिना आहे, आणि मधला पंधरा-सतरा मिनिटांचा बॅले म्हणजेच पुढची गोष्ट आधीच सांगून टाकलेली असते. 'बिली इलियट' (२०००) मध्ये खाण कामगाराचा मुलगा बॅले शिकतो. तो बघून एका बाबांनी मुलाला वर्गात घातलं, याचा मला आनंद आहे.

उदय शंकर यांचा 'कल्पना' (१९४८) कुठे घालायचा ते मला ठरवता येत नाही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच पिक्चर. गोष्ट धड लागत नाही, पण यंत्र आणि कामगार यांच्यावरचा नाच बघून पोरं गप्प होतात. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०१२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. मिळाला तर सोडू नका.

मला नाचातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

'रॉयल वेडिंग'मधली खोली, मग 'स्टॉर्मी वेदर'चा जिना, मग 'नवरंग'ची होळी. हे तीन तुकडे अर्ध्या तासात होतात. ते आवडले तर पूर्ण 'झनक झनक' लावा, आणि गुरुजींचा उपदेश सुरू झाला की खुशाल चहा टाकायला उठा. नाच सुरू व्हायच्या आत मात्र जागेवर या, कारण घरचा रिमोट कितीही मागे नेता येत असला तरी शेजारी बसलेली माणसं ते करू देत नाहीत.

पुढच्या रविवारी काय आहे?

'ॲन अमेरिकन इन पॅरिस' (१९५१). जीन केली. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता, आणि त्याची गोष्ट एका पोस्टकार्डावर मावेल. शेवटी सतरा मिनिटं एकही शब्द नाही, फ्रेंच चित्रकारांच्या चित्रांसारखे सेट आणि नुसता नाच. ज्यांना मध्ये कंटाळा येतो त्यांनी उशिरा आलं तरी चालेल, पण चपला बाहेर काढून आणि फोन बंद करून. सतरंजी कमी पडते, जमल्यास घरून एक आणा.